दिसणं आणि धरणं

लंगडी मेंढी आधी मानेत दिसते, पायात मागाहून. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना ती डोकं वर झटकते आणि चांगल्या पायावर भार गेला की डोकं खाली येतं. चालत्या कळपात माना साधारण एका लयीत हलत असतात. त्यात एखादी मान बेताल असते. मागच्या पायाचं दुखणं मान इतकं उघड करत नाही. तिथे पुठ्ठ्यांवर नजर ठेवावी लागते, आणि लोकर वाढलेली असली की तेही झाकलं जातं. म्हणून मला कळपाच्या पुढून चालण्यापेक्षा मागून चालणं आवडतं. पुढून चालणाऱ्याला कळपाचे चेहरे दिसतात, मागून चालणाऱ्याला चाल दिसते.

एक अडचण मात्र आहे. मेंढी दुखणं लपवते. शिकार होणाऱ्या प्राण्याला अशक्त दिसणं परवडत नाही. कळपात मागे रेंगाळणाऱ्यावर आधी झडप पडते. त्यामुळे आपण जवळ गेलो, कुत्रं सोबत असलं, किंवा कळप बिथरून पळायला लागला की दहा मिनिटांपूर्वी पाय उचलून धरलेली मेंढीसुद्धा चारही पायांवर पळते. धावत्या कळपात लंगडी शोधू नये. खरं बघायचं ते सकाळी, त्या बसल्या जागेवरून उठत असताना, दुरून, काही न बोलता. उठल्यावरच्या पहिल्या पाच-सहा पावलांत जे दिसतं ते नंतर दिवसभर दिसत नाही. इतर मेंढ्या चरत असताना जी बसून राहते तीही संशयातली. आणि पुढचे दोन्ही गुडघे टेकून चरणारी मेंढी! नवख्या माणसाला ती गोजिरवाणी वाटते, फोटो काढावासा वाटतो. गुडघ्यांवरचे केस झिजून तिथली कातडी निबर झालेली असेल, तर ती कितीतरी दिवस तशीच चरते आहे आणि ते कुणी पाहिलेलं नाही.

मेंढीच्या चेहऱ्यावरही दुखणं उमटतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्यासाठी एक मोजपट्टी मांडली: डोळे बारीक होणं, गाल आवळणं, कान मागे किंवा खाली वळणं, ओठ-जबड्याची ठेवण बदलणं, नाकपुड्यांचा आकार आत ओढल्यासारखा होणं. पाय कुजलेल्या आणि कास सुजलेल्या मेंढ्यांचे चेहरे बघून ती तयार झाली. मेंढ्यांत वावरणाऱ्याला हे वाचून फारसं आश्चर्य वाटणार नाही, पण बरं वाटेल. ‘तोंड उतरलंय तिचं’ असं आपण म्हणतो, त्याला आता गुण देता येतात.

तर, दिसणं. ते वाटतं तेवढं अवघड नाही, डोळ्याला सवय लागते. २००८ साली ब्रिटनमधल्या मेंढपाळांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांना मेंढ्यांच्या चालण्याच्या चित्रफिती दाखवल्या आणि विचारलं की यातली लंगडी कोणती, आणि यातली कोणती तुम्ही धरून तपासाल. बहुतेकांनी अगदी हलकं लंगडणंही बरोबर ओळखलं. पण ओळखणं आणि धरणं हे त्यांच्या लेखी दोन वेगळे निर्णय होते. हलकं लंगडणाऱ्या मेंढीला लंगडी म्हणायला ते तयार होते, तिच्यामागे जायला नव्हते. बरेचजण कळपात लंगड्या मेंढ्या पुरेशा जमल्या की मगच धरायला निघतात.

हा अभ्यास वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, कारण त्यात अडाणीपणाचा लवलेश नाही. त्या माणसांना सगळं कळत होतं. एका मेंढीसाठी सगळा कळप कोंडायचा, म्हणजे चरणं थांबवायचं, कोकरं आयांपासून तुटायची, गाभण्या मेंढ्या एकमेकींवर आदळायच्या, आणि हे सगळं बहुधा एकट्याने करायचं. शिवाय मन एक सोयीचं कारण पुढे करतं: खडा लागला असेल, काटा असेल, उद्यापर्यंत जाईल. त्यातली पंचाईत अशी की कधीकधी खरंच जातं. खुरांच्या बेचक्यात अडकलेला मातीचा वाळलेला गोळा आपसूक पडतो आणि मेंढी दुसऱ्या दिवशी नीट चालते. असं दोनदा घडलं की पुढच्या दहा वेळा थांबायला आधार मिळतो.

पण जे गोळ्याने होत नाही, ते थांबत नाही. मेंढ्यांमधलं बहुतेक लंगडणं खुराच्या संसर्गामुळे होतं, आणि त्यातला मुख्य आरोपी आहे डायचेलोबॅक्टर नोडोसस नावाचा जिवाणू. ऑस्ट्रेलियात बेव्हरिज या संशोधकाने १९४१ मध्ये दाखवून दिलं की खूर कुजण्याचा हा रोग संसर्गजन्य आहे आणि त्याच्या मुळाशी हा जिवाणू आहे. तोवर चिखल, ओलावा, गवत, मेंढीची जात असं सगळ्यांना दोष देऊन झालं होतं. चिखलाचा दोष आहेच, पण तो दार उघडण्यापुरता. बेचक्यातली कातडी ओलाव्याने भिजून मऊ पडते, गवताच्या ताठ काड्यांनी खरचटते, आणि शेणामातीत सर्रास आढळणारा फ्यूझोबॅक्टेरियम हा दुसरा जिवाणू तिथे शिरून दाह सुरू करतो. आपल्याला पावसाळ्यात पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, तसं दृश्य: कातडी लालसर-पांढरट, ओलसर, सोलल्यासारखी, हात लावू न देणारी. कोकरांमध्ये हे फार दिसतं. एवढ्यावर थांबलं तर औषधाच्या फवाऱ्याने चार दिवसांत निभावतं. पण नोडोसस हजर असेल तर तो टाचेच्या बाजूने शिंगासारख्या कठीण भागाखाली शिरतो आणि खूर आतून सुटा करत नेतो.

या जिवाणूला हवा सोसत नाही. उघड्यावर, जमिनीत, तो साधारण एक-दोन आठवडे तग धरतो. खुराच्या कापलेल्या तुकड्यांमध्ये त्याहून बराच जास्त. त्याचं खरं घर म्हणजे मेंढीचा पाय. उबदार आणि ओल्या दिवसांत तो एका पायातून जमिनीवर आणि जमिनीवरून दुसऱ्या पायात जातो. कडक कोरड्या दिवसांत, किंवा पारा दहा अंशांच्या खाली गेला की हा प्रवास मंदावतो. म्हणजे ज्या एका मेंढीला आपण ‘उद्या बघू’ म्हणतो, ती त्या उद्यापर्यंत कळपाच्या वाटेवर, पाण्याच्या हौदापाशी, फाटकातल्या राडीत आपला रोग पेरत फिरते. लंगडायला लागल्यापासून तीन दिवसांच्या आत उपचार करावा असं जाणकार सांगतात. त्यामागे दया आहेच, पण हिशोबही आहे. आज एक मेंढी धरण्याचे कष्ट दोन आठवड्यांनी वीस मेंढ्या धरण्यापेक्षा कमी आहेत. इंग्लंडमध्ये २००४ च्या सुमारास शंभरातल्या दहाएक मेंढ्या लंगडत होत्या असा मेंढपाळांचाच अंदाज होता. २०१३ पर्यंत तो पाचाच्या आसपास आला. या काळात कोणतंही चमत्कारी औषध निघालं नव्हतं. लोक लवकर धरायला लागले आणि काही जुन्या सवयी सुटल्या, हा त्यातला मोठा भाग.

जुन्या सवयींकडे येतेच. आधी धरण्याबद्दल.

मेंढी पळवून दमवता येते हा भ्रम आहे, दमतो आपण. कोपरा करायचा, दोन फळ्या किंवा जाळीचे तुकडे आडवे धरायचे, आणि तिला वाटू द्यायचं की निवड तिची होती. लोकर पकडून ओढू नये. लोकरीखाली कातडी असते आणि तिला जखम होते, रक्त साकळतं. डावा हात हनुवटीखाली, उजवा मांडीच्या पुढच्या चुण्यापाशी. तिचं तोंड तिच्याच कुशीकडे वळवलं की तोल जातो. आपण एक पाऊल मागे सरायचं आणि तिला ढुंगणावर बसतं करायचं, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून. शेपटीच्या हाडावर बरोबर मधोमध न बसवता किंचित एका मांडीवर कललेली बसवली तर ती कमी धडपडते. चारही पाय जमिनीवरून सुटले की मेंढी एकदम शांत होते. ही शांतता म्हणजे तिला आराम वाटतोय असा अर्थ काढू नये, तिच्या हातात काही उरलेलं नसतं इतकंच. म्हणून काम उरकावं. भरल्या पोटी फार वेळ असं बसवून ठेवणं धोक्याचं, आणि दिवस भरत आलेल्या गाभण मेंढीला तर बसवूच नये. तिचा पाय उभ्यानेच, घोड्यासारखा मागे दुमडून बघावा. माझं वजन मोठ्या मेंढीपेक्षा फार जास्त नाही. ताकद नाही, तोल लागतो, हे मला पाहणाऱ्यांना पटायला वेळ लागतो.

पाय हातात आला की आधी काही करू नये. बघावं, आणि वास घ्यावा. कुजलेल्या खुराचा वास एकदा नाकात बसला की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. हात धुतल्यावरही तो जेवताना आठवतो. बेचकं ओलं, वास घाण, टाचेकडून कठीण भाग सुटलेला, खाली राखाडी चिकट थर: हा खूर कुजण्याचा रोग. बेचकं नुसतं लाल आणि वास नाही: सुरुवात आहे. बेचकं स्वच्छ आहे पण मेंढी पाय अजिबात टेकत नाही, खुराची एक बाजू गरम, दाबलं की ती झटका देते: आत गळू असण्याची शक्यता जास्त. खुराची भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक फिकट पांढरी रेघ असते. ती उसवली की फटीतून माती आणि खडे आत सरकतात, कधी नुसती पोकळी राहते, कधी पू धरतो. आणखी एक रोग आहे जो बेचक्यात सुरू न होता वर, केस संपून खूर सुरू होतो त्या कडेला सुरू होतो आणि तिथून खाली सगळं कवच सोडवत आणतो. कधीकधी खूर टोपीसारखा निघून येतो. हा सांसर्गिक त्वचादाह ब्रिटनमध्ये पहिल्यांदा १९९७ मध्ये नोंदला गेला, म्हणजे जुन्या माणसांच्या अनुभवात तो नाहीच. त्यात ट्रेपोनिमा गटातले जिवाणू सापडतात, आणि त्याचं औषध वेगळं निवडावं लागतं. त्यामुळे ‘पाय बिघडलाय’ एवढ्या निदानावर समाधान मानता येत नाही.

काही लंगडणी पायात नसतातच. आठवड्या-दोन आठवड्यांचं कोकरू लंगडत असेल आणि सांधा सुजून गरम झाला असेल तर संसर्ग बेंबीतून किंवा कानातल्या टॅगच्या जखमेतून रक्तात गेला असण्याची शक्यता असते. तिथे पायाला फवारा मारणं म्हणजे वेळ घालवणं. आणि एकाच दिवशी अनेक मेंढ्या लंगडायला लागल्या, अंगात ताप, खुरांच्या कडेला किंवा हिरड्यांवर फोड, तर चाकू-फवारा सगळं खाली ठेवून, एकही जनावर न हलवता पशुवैद्याला बोलवावं. लाळ्या-खुरकूत मेंढ्यांमध्ये फार सौम्य दिसू शकते. तोंडातले फोड चटकन भरून येतात, आणि लंगडणं हेच काय ते लक्षण उरतं.

पाय उलटा धरलेला असताना आणखी एक गोष्ट दिसते: दोन खुरांच्या मधोमध, पुढच्या बाजूला, बेचक्याच्या जरा वर एक बारीक भोक. त्यातून कधी मेणासारखा ऐवज येतो, एखादा केस डोकावतो. ही मेंढीची एक नैसर्गिक ग्रंथी आहे, चारही पायांना असते, आणि तिला काहीही करायचं नसतं. पण ती पाहून घाबरणारे लोक फार जुने आहेत. पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोल्युमेला मेंढीच्या पायाची दुखणी सांगताना बेचक्यातल्या एका गाठीचं वर्णन करतो. तिच्या मधून कुत्र्याच्या केसासारखा केस निघतो म्हणे, आणि खाली एक किडा असतो. तो जपून कापून काढावा. किडा कुठला, ती बिचारी ही ग्रंथीच असावी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मेंढ्यांची मला त्या ओळी वाचून दया येते. गंमत म्हणजे त्याच ठिकाणी तो बेचक्यातल्या ओल्या सोलवटीसाठी तुरटी, गंधक, व्हिनेगर असली औषधं सांगतो, आणि ती तितकी चुकीची वाटत नाहीत. ज्यात कापणं नव्हतं तिथे त्याचा हात बरोबर होता.

आता चाकू. मेंढपाळाच्या अवजारांत खूर कापायची कात्री किंवा वाकडा चाकू नसेल असं होत नाही, आणि लंगडी मेंढी धरली की तो आपोआप हातात येतो. कुजलेला, सुटलेला भाग कापून काढायचा, ‘हवा लागू द्यायची’, लाल जिवंत मांस दिसेपर्यंत. तर्क ऐकायला पक्का आहे. जिवाणूला हवा सोसत नाही, मग हवा आत सोडा. कितीतरी पिढ्या या तर्कावर निघाल्या, आणि ज्यांनी मला मेंढी बसवायला शिकवलं त्यांचा हातही त्यावरच घडलेला होता.

२०१० मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. पाय कुजलेल्या मेंढ्यांचे गट पाडले: काहींना दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन आणि पायावर फवारा, काहींचे खूर कापून फवारा, काहींना दोन्ही. खूर न कापता इंजेक्शन आणि फवारा मिळालेल्या मेंढ्या सगळ्यांत लवकर बऱ्या झाल्या, त्यातल्या बहुतेक दहा दिवसांच्या आत. जिथे खूर कापले तिथे बरं व्हायला उशीर लागला. याचं कारण एकदा ऐकलं की आधी कसं सुचलं नाही असं वाटतं. दाह झालेल्या पायाला आपण आणखी एक जखम देतो. जास्त खोल गेलं तर रक्त येतं, आणि त्या जागी कधी कधी लालभडक मांसाचा गोळा वाढतो, जो मेंढीला कायमची अधू करतो. शिवाय चाकू एका पायातून दुसऱ्या पायात जंतू नेतो, आणि कापलेले तुकडे जमिनीवर पडून तेच काम पुढे चालू ठेवतात. खूर वाढलेला दिसतो तो बऱ्याचदा लंगडण्याचा परिणाम असतो. पाय टेकला जात नाही म्हणून झिजत नाही. मेंढी नीट चालायला लागली की चालण्यानेच तो पुष्कळसा जागेवर येतो.

हे मान्य करणं डोक्याला सोपं आहे, हातांना कठीण. कापणं दिसतं. त्यात कसब आहे, घाम आहे. कापून झाल्यावर पाय नीटनेटका दिसतो आणि आपण काहीतरी केल्यासारखं वाटतं. इंजेक्शन देऊन, फवारा मारून, वेडावाकडा घाण पाय तसाच सोडून द्यायचा म्हणजे काम अर्धवट टाकल्यासारखं वाटतं. मला अजूनही वाटतं. पशुवैद्यांच्या सल्ल्याने जे चालतं ते इतकंच आहे: पाय पुसून माती काढायची, वजनाच्या हिशोबाने इंजेक्शन (अंदाजाने कमी दिलं तर औषध वाया जातं आणि जंतू शहाणे होतात), बेचक्यात फवारा, पाठीवर रंगाची खूण, वहीत कानातला नंबर, आणि दूध-मांस किती दिवस वापरायचं नाही त्याची तारीख. चाकूला दोन अपवाद उरतात. गळू असेल तर पुवाला वाट करून द्यावी लागते. नेमक्या जागी लहानशी फट पडली की पू येतो आणि मेंढी त्याच क्षणी पाय टेकते, इतका आराम पडलेला डोळ्यांनी दिसतो. आणि खूर इतका वळलेला असेल की पाऊलच सरळ पडत नाही, तर पाय बरा झाल्यावर, रक्त न काढता, थोडा आकार द्यावा.

त्याच चाचणीत आणखी एक बारीक गोष्ट होती. सूज आणि वेदना कमी करणारं औषध दिल्याने मेंढ्या लवकर बऱ्या झाल्या असं दिसलं नाही. मी तरी पाय न टेकणाऱ्या मेंढीसाठी पशुवैद्यांकडे वेदनाशामक मागतेच. लवकर बरं होणं आणि त्या दिवसांत कमी दुखणं या दोन गोष्टी एकच असायला हव्यात असं कुठे आहे?

औषधी पाण्याच्या हौदातून सगळा कळप चालवणं हा दुसरा लोकप्रिय सोपस्कार. कोकरांच्या बेचक्यातल्या सुरुवातीच्या दाहाला त्याचा चांगला उपयोग होतो. पाय खोलवर कुजलेल्या मेंढीला हौदाने बरं करायला जाऊ नये, औषध कवचाखाली पोचत नाही. झिंक सल्फेटचं दहा टक्क्यांचं द्रावण सौम्य, पण त्यात मेंढ्या थोडा वेळ उभ्या कराव्या लागतात. फॉर्मालिन तीन टक्क्यांच्या आसपास ठेवतात आणि त्यातून मेंढी चालत गेली तरी पुरतं. पण ते उघड्या जखमेला भाजतं, माणसाच्या डोळ्या-छातीला वाईट, आणि ‘थोडं जास्त घातलं तर जास्त गुण येईल’ म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नये असं द्रव्य आहे. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, अजूनही वापरतात. तांब्याचं विष मेंढीला इतर जनावरांपेक्षा फार लवकर बाधतं, यकृतात साठत राहतं, आणि तहानलेल्या मेंढ्या हौदातलं पाणी प्यायला कमी करत नाहीत. मी त्या वाटेला जात नाही. कोणतंही द्रावण असो, पाय आधी स्वच्छ पाण्यातून जावेत आणि नंतर कळप तासभर कोरड्या, टणक जागेवर उभा राहावा. हे दुसरं काम सगळ्यांत जास्त टाळलं जातं. हौदातून निघालेली मेंढी थेट चिखलात उतरली तर औषध चिखलालाच लागतं. आणि एका जागी दाटीने गोळा होऊन ओल्या पायांनी उभं राहणं हाच रोग पसरण्याचा उत्तम मार्ग आहे, तेव्हा हौद नीट करायचा नसेल तर न केलेला बरा.

लसही आहे. या जिवाणूचे दहा गट मानले जातात आणि लशीत त्यांतले बहुतेक असतात. टोचल्या जागी गाठ येते, परिणाम काही महिने टिकतो. रोग होऊन गेल्याने मात्र मेंढीला कायमचं संरक्षण मिळत नाही. एकदा भोगलं म्हणजे सुटलो, असं या रोगात नाही.

बाकी मग जमीन. फाटकातली राड, हौदाभोवतीचा चिखल, रोज त्याच वाटेने होणारी ये-जा. पाण्याची जागा हलवावी, फाटकात खडी टाकावी, लंगड्या मेंढ्या वेगळ्या ठेवाव्यात, रोगट कळप चरलेला तुकडा दोन आठवडे रिकामा ठेवावा. नवीन आणलेली मेंढी निदान तीन-चार आठवडे वेगळी, आणि पहिल्याच दिवशी चारही पाय उलटून बघितलेली. बाजारात नवी मेंढी घेताना लोक दात बघतात, कास बघतात. पाय उचलायला लागलं की विकणाऱ्याचा चेहरा बदलतो, आणि त्यावरूनही बरंच कळतं.

बरी झालेली मेंढी फिरून तपासणं मोठं कठीण असतं, कारण ती हाती लागत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मी खूण बघून जवळ जायचा प्रयत्न करते आणि ती खूण घेऊन पळून जाते. तपासणी झाली असं मी वहीत लिहिते.

जिच्याबाबत तसं होत नाही, तिचा प्रश्न वहीतच वाढत जातो. तोच नंबर पुन्हा, तोच पाय पुन्हा. काही मेंढ्यांमध्ये रोग मुरतो. खुराचा आकार कायमचा बिघडतो, फटी राहतात, आणि दरवेळी कळपातली पहिली ठिणगी तिथूनच पडते. पायाच्या रोगाला बळी पडण्याचा गुण काही अंशी वारशाने येतो, हेही आता ठाऊक आहे. म्हणून अशा मेंढीला कळपातून काढावं, आणि लंगड्या आईचं कोकरू मेंढा म्हणून तर मुळीच ठेवू नये, असा नियम आहे. लवकर उपचार, लस, नव्या मेंढ्या वेगळ्या ठेवणं यांच्या जोडीला हे काढणंही पाळणाऱ्या कळपांत लंगडणं खरंच कमी होतं. नियमात चूक नाही. दुसऱ्याच्या कळपाला ती देऊ नये, हे त्यात लिहिलेलं नसलं तरी मी धरून चालते. औषधाची मुदत संपली की ती कुठे जाते ते मला माहीत असतं.

या वर्षीच्या यादीत एक म्हातारी आहे. दुसऱ्यांदा आली आहे. मागचा उजवा पाय, बाहेरचा खूर, भिंत सुटलेली. ही मेंढी कळपाच्या पुढे चालते. फाटक उघडलं की ती येते आणि मग बाकीच्या येतात. ती नसेल त्या दिवशी मला ओरडून, हात हलवून, कुत्र्याला कामाला लावून जे करावं लागतं ते ती एका मान वळवण्यात करते. दर लंगडीला तीन दिवसांच्या आत धरणं मला जे थोडंबहुत जमतं, त्यात तिचा वाटा मोठा आहे, कारण कळप कोंडणं तिच्यामुळे सोपं होतं. ठरवलं आहे की यंदा तिला मेंढ्यासोबत सोडायचं नाही, आणि पुढच्या छाटणीत ती जाईल. तिच्या जागी दोन तरुण मेंढ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यातली एक फार भित्री आहे. दुसरी धीट आहे, पण तिचे पाय मी अजून उलटून पाहिलेले नाहीत.